उडू पाहणाऱ्या मुलांच्या मागे कोण उभे होते?

धुळ्यात राहणाऱ्याला छोट्या विमानाचा आवाज नवीन नाही. शहराला लागूनच गोंदूरची धावपट्टी आहे. मुंबई फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण जुहूहून तिथे हलले, तेव्हापासून शिकाऊ वैमानिकांची विमाने गावावरून घिरट्या घालत असतात. सुरुवातीला आवाज आला की आख्खा वर्ग खिडकीकडे धावायचा. आता कोणी मान वर करत नाही. दहावीतली एक मुलगी मात्र अजून बघते. मी फळ्यावर मराठीचे समास लिहीत असतो, पाठीमागे आवाज येतो आणि मला न वळताच कळते की तिसऱ्या बाकावरची नजर आता पुस्तकात नाही.

गेल्या महिन्यात तिचे वालिद शाळेत आले. त्यांचे चार लूम आहेत, दोन स्वतःचे आणि दोन भाड्याचे. मधल्या सुट्टीत माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "सर, लडकी कहती है जहाज उडाना सीखना है. आप जरा समझाओ उसको."

आमच्याकडे 'समझाओ'चा अर्थ एकच होतो, की तिच्या डोक्यातून ते काढून टाका. मी त्यांच्याकडून जुम्म्यापर्यंतची मुदत मागून घेतली. ते गोंधळले. एवढ्या सोप्या कामाला सरांना मुदत कशाला हवी?

मुदत मागण्याला कारण होते. सतरा-अठरा वर्षांपूर्वी एका मुलानेही मला हेच विचारले होते. गणितात चांगला, उंच, धीट. मी नवीन नवीन बी.एड. झालो होतो आणि सगळ्यांना शहाणपणाचा सल्ला देण्याची हौस होती. त्या काळी डी.एड.ची लाट होती. मी म्हणालो, "बेटा, ते श्रीमंतांचे काम. बारावी कर, डी.एड. कर, नोकरी पक्की." त्याने ऐकले. डी.एड. झाला, तोवर शिक्षक भरती थांबली. आज तो बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करतो. मी दिसलो की उठून सलाम करतो. त्याने मला कधीच काही बोलून दाखवले नाही, आणि तेच मला जास्त टोचते.

आणखी एक गोष्ट. आमच्या वर्गाच्या भिंतीवर इक्बालच्या शाहीनचे चित्र आहे. बहुतेक उर्दू शाळांत असते. मी दरवर्षी हा शाहीन शिकवतो. तो घरटे बांधत नाही, उंच डोंगरकड्यांवर राहतो, वगैरे. मुले पाठ करतात, स्पर्धेत म्हणतात, बक्षिसे घेतात. आणि त्यांच्यातले एखादे मूल उठून खरोखर म्हणाले की मला उडायचे आहे, तर आम्ही त्याला डी.एड.चा फॉर्म देतो.

म्हणून त्या आठवड्यात मी इतिहास चाळत बसलो. पहिला कोण उडाला, पहिली कोण उडाली, याच्या याद्या सगळीकडे मिळतात. मला वेगळी गोष्ट शोधायची होती. जी मुले उडाली त्यांच्या मागे जमिनीवर कोण उभे होते, आणि त्याने नेमके काय केले? कारण त्या वालिदांना मला हेच सांगायचे होते.

अबूकीरचे स्पार्क प्लग

आपल्याकडे नागरी विमानोड्डाणाची खरी सुरुवात १९२८-२९ची. जुहूची धावपट्टी, मुंबई फ्लाइंग क्लब, कराची, दिल्ली आणि कलकत्ता इथले क्लब हे सगळे एकाच सुमाराचे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे.आर.डी. टाटांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता १. त्यांचे वय तेव्हा चोवीस.

पण हौस चोवीसची नव्हती. जे.आर.डीं.चे बालपण फ्रान्समध्ये गेले. तिथे समुद्रकाठच्या आर्देलो या गावी सुट्टीत राहताना त्यांचे शेजारी होते लुई ब्लेरियो, म्हणजे १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस. पंधराव्या वर्षी जे.आर.डी. पहिल्यांदा विमानात बसले, तेही हौशी सफरीच्या विमानात. तेव्हापासून परवाना हातात पडेपर्यंत नऊ वर्षे गेली. टाटांच्या घरातल्या मुलालासुद्धा नऊ वर्षे थांबावे लागले, हे मी वहीत पहिले टिपण केले.

दुसरे टिपण अस्पी इंजिनिअर या मुलाचे. जन्म १९१२, लाहोर. वडील रेल्वेत अभियंता. १९२९च्या अखेरीस आगा खान यांनी एक बक्षीस जाहीर केले. इंग्लंड आणि भारत यांमधले अंतर एकट्याने, ठरलेल्या मुदतीत उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड. हे आगा खान म्हणजे सर सुलतान मुहम्मद शाह, इस्माइलींचे इमाम. अलीगढच्या विद्यापीठासाठी निधी उभारण्यात पुढे असलेले तेच गृहस्थ. आपण त्यांना शिक्षणाच्या संदर्भात ओळखतो, विमानाच्या संदर्भात क्वचितच. पण नीट पाहिले तर दोन्ही कामे एकाच जातीची होती. स्वतः उडायचे नाही, पण उडणाऱ्याला निमित्त आणि पैसा पुरवायचा.

या बक्षिसासाठी तिघे निघाले. मनमोहन सिंग, जे.आर.डी. टाटा आणि अस्पी. अस्पीचे वय सतरा. आमच्या अकरावी-बारावीच्या मुलाएवढे. आजची कल्पना करू नका. एका इंजिनाचे, उघड्या बैठकीचे जिप्सी मॉथ विमान, ना रेडिओ, ना रडार. खाली बघायचे, नकाशा बघायचा, नदी आणि रेल्वेरूळ ओळखायचे आणि पुढे जायचे.

जे.आर.डी. कराचीहून लंडनकडे निघाले होते, अस्पी लंडनहून कराचीकडे. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबूकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पी अडकून पडला होता, त्याच्याकडे सुटे स्पार्क प्लग नव्हते. जे.आर.डीं.नी आपल्याकडचे प्लग त्याला दिले. अस्पीने आपले तरंगण्याचे जाकीट त्यांना दिले. मग दोघे आपापल्या दिशेने उडाले. अस्पी मे १९३० मध्ये कराचीला पोचला आणि बक्षीस त्याने जिंकले. जे.आर.डी. थोडक्यात मागे राहिले. मनमोहन सिंगांना वाटेत उतरावे लागले, त्यात मुदत निघून गेली.

हा किस्सा खिलाडू वृत्तीचा नमुना म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. पण मला त्यात दुसरे काही दिसले. सतरा वर्षांच्या मुलाकडे धैर्य पुष्कळ होते, प्लग नव्हते. त्याला त्या क्षणी कोणी शाबासकी दिली असती, पाठ थोपटली असती, शेर ऐकवला असता, तरी विमान जागचे हलले नसते. त्याला लागत होती ती हातात मावेल एवढी, नेमकी एक वस्तू. ती ज्याच्याकडे होती तो त्याचा प्रतिस्पर्धी होता आणि तरी त्याने दिली.

हाच अस्पी पुढे हवाई दलात गेला. त्याच्या पाठोपाठ त्याचे भाऊही गेले. एकाच घरातले चार भाऊ हवाई दलाचे अधिकारी झाले. १९६० मध्ये अस्पी इंजिनिअर भारताचे हवाई दलप्रमुख झाले. घरातल्या एकाला वाट मिळाली की धाकट्यांसाठी ती आपोआप रुंद होते, हे आम्ही शिक्षक रोज पाहतो. थोरल्या बहिणीला कॉलेजला पाठवले की धाकटीच्या वेळी घरात चर्चाच होत नाही.

लाहोर, १९३६

"पण ही मुलगी आहे सर." वालिद हे वाक्य बोलले नव्हते, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते होते.

१९३६ साली लाहोरमध्ये दोन बायकांनी वैमानिक परवाना मिळवला. एक सरला ठकराल. वय एकवीस, घरी चार वर्षांची मुलगी, साडी नेसून जिप्सी मॉथमध्ये बसलेल्या. दुसऱ्या हिजाब इम्तियाज अली. आम्हा उर्दूच्या लोकांना हिजाब ठाऊक आहेत त्या कथालेखिका म्हणून. गूढ, स्वप्नाळू वातावरणाच्या कथा लिहिणाऱ्या, 'अनारकली' नाटक लिहिणाऱ्या इम्तियाज अली ताज यांच्या पत्नी. बी.ए.ला मी त्यांच्यावर टिपा लिहिल्या आहेत. त्या विमान चालवत होत्या, ब्रिटिश भारतातील पहिली मुस्लिम महिला वैमानिक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, हे मला कोणी वर्गात सांगितले नाही. मीही माझ्या वर्गात कधी सांगितले नव्हते. माझ्याच विषयातली गोष्ट, आणि ती मला चाळिशीनंतर सापडली.

हिजाब ज्या घरात सून म्हणून आल्या त्या घराकडे पाहायला हवे. त्यांचे सासरे मौलवी सय्यद मुमताज अली, देवबंदला शिकलेले आलिम. सासू मुहम्मदी बेगम. या दोघांनी १८९८ मध्ये लाहोरहून 'तहजीब-ए-निस्वाँ' हे स्त्रियांसाठीचे उर्दू साप्ताहिक सुरू केले. संपादक होत्या मुहम्मदी बेगम. सुरुवातीला ज्यांना अंक पाठवले त्यांतल्या अनेकांनी ते परत केले, वर शिव्या लिहून. शरीफ घरच्या बाईचे नाव छापील कागदावर, हेच लोकांना सहन होत नव्हते. तरी साप्ताहिक चालले. मुहम्मदी बेगम १९०८ मध्ये वारल्या. आपल्या घरात पुढे एक सून येईल आणि ती विमान चालवेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. हिजाबची आई अब्बासी बेगम याही लिहिणाऱ्या होत्या. म्हणजे माहेर आणि सासर दोन्हीकडे आधीच्या पिढीने वाचण्या-लिहिण्याची लढाई लढून ठेवली होती. पुढच्या पिढीला त्यामुळे उडण्याची इजाजत मागणे सोपे गेले असेल.

पुढे १९४२ मध्ये भोपाळच्या शहजादी आबिदा सुलतान यांनीही परवाना घेतला. त्यांना आजी सुलतान जहाँ बेगम यांनी अतिशय कडक धार्मिक शिस्तीत वाढवले होते. नमाज, कुराणपठण, सगळे वेळेवर. ती आजी अलीगढ विद्यापीठाची कुलपतीही होती. दीनदार घरातली मुलगी विमानात बसली म्हणून दीन गेला, असे तिथे कोणाला वाटले नाही.

नावाचा प्रश्न

तिसरी शंका वालिदांनी उठता उठता बोलून दाखवली होती. आवाज खाली आणून म्हणाले, "और मान लो सीख भी ली, तो हमारे नाम को कौन लेगा सर?"

ही शंका हसून उडवता येत नाही. आमच्या मोहल्ल्यात प्रत्येक घरात नोकरीची, भाड्याच्या खोलीची अशी एखादी कहाणी आहे. माझ्याकडेही आहे. म्हणून मी त्यांना तसे काही नसते हे सांगणार नव्हतो. मी त्यांना इद्रिस हसन लतीफ यांच्याबद्दल सांगायचे ठरवले.

लतीफ हैदराबादचे, जन्म १९२३. निजाम कॉलेजात शिकले आणि १९४१ मध्ये, अठराव्या वर्षी, हवाई दलात दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर उडाले. १९४७ला फाळणी झाली तेव्हा सैन्याचीही वाटणी झाली. मुस्लिम अधिकाऱ्यांना पाकिस्तानकडे जाण्याचा पर्याय होता आणि बरोबरीचे मित्र तिकडे जात होते. लतीफांनी भारत निवडला. वय चोवीस. १९७८ मध्ये ते भारताचे हवाई दलप्रमुख झाले, १९८१ पर्यंत त्या पदावर राहिले. जॅग्वार विमाने हवाई दलात आली ती त्यांच्याच कारकिर्दीत. नंतर १९८२ ते १९८५ ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. माझ्या वडिलांच्या पिढीने त्यांचे नाव रेडिओवर ऐकले आहे. आमच्या मुलांना ते माहीत नाही, कारण आम्ही सांगितले नाही.

एका लतीफांमुळे प्रश्न मिटला असे मी म्हणत नाही. पण 'आपल्याला कोण घेणार' असे म्हणत अर्जच करायचा नाही, तेव्हा नकार देण्याचे काम आपणच करून टाकतो. समोरच्याला तेवढी तसदीसुद्धा देत नाही.

पैशाचा प्रश्न

इथवर वाचून एखादा वाचक म्हणेल, गुरुजी, टाटा काय, शहजादी काय, ही सगळी खात्यापित्या घरची माणसे. चार लूमवाल्याचे काय?

बरोबर आहे. इतिहास सांगताना ही गोष्ट लपवणे म्हणजे मुलांची फसवणूक आहे. त्या काळी उडणे हा बहुतांशी श्रीमंतांचा उद्योग होता आणि आजही तो स्वस्त नाही. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते. त्याचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. मोठ्या विमानाचे टाइप रेटिंग हा त्यापुढचा वेगळा खर्च. परवाना हातात आला म्हणजे नोकरी आली असेही नाही.

पण अलीकडचा एक इतिहास आहे. हैदराबादच्या जुन्या शहरातील सय्यदा सल्वा फातिमा. वडील बेकरीत काम करायचे. बारावीनंतर ती 'सियासत' या उर्दू दैनिकाने चालवलेल्या शिकवणी वर्गात येत होती. तिथे तिला काय व्हायचे आहे असे विचारल्यावर ती म्हणाली, पायलट. इतर ठिकाणी हशा पिकला असता. 'सियासत'चे संपादक जाहिद अली खान यांनी ते मनावर घेतले, मदत उभी केली. ती विमान प्रशिक्षण संस्थेत दाखल झाली. पुढे व्यावसायिक परवाना मिळाला, तरी वाट सरळ नव्हती. पैसे संपले, वर्षे गेली, लग्न झाले. मोठ्या विमानाच्या प्रशिक्षणासाठी शेवटी राज्य सरकारची मदत मिळाली. आणि ती एअरलाइनमध्ये वैमानिक झाली.

या कहाणीतही कोणी जादूगार नाही. शिकवणी वर्गात एकाने प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून घेतले. मग वर्षानुवर्षे कागदपत्रे, अर्ज, खेटे. अबूकीरचे प्लग इथे फाइलींच्या रूपात आले. आणि ते पुरवले एका उर्दू वर्तमानपत्राने, ज्या भाषेला आता भविष्य नाही असे मला माझेच नातेवाईक सांगतात.

आमच्या गोंदूरच्या क्लबशी जोडलेलेही एक नाव आहे. मूळच्या काश्मीरच्या आयशा अजीज यांनी २०११ मध्ये, शाळकरी वयातच, विद्यार्थी वैमानिक परवाना मिळवला, आणि पुढचे शिक्षण मुंबई फ्लाइंग क्लबमधून पूर्ण करून व्यावसायिक परवानाही घेतला. ज्या विमानांचा आवाज आमच्या वर्गात येतो, ती त्याच क्लबची.

इब्न फिरनासची शेपूट

हा विषय निघाला की आपल्या मंडळींना अब्बास इब्न फिरनास आठवतोच. मोबाइलवर दर दोन महिन्यांनी तो फिरत येतो. नवव्या शतकातील कुर्तुब्याचा हा विद्वान पंख लावून उडाला आणि राइट बंधूंच्या हजार वर्षे आधी विमान आपण शोधले, असा त्याचा मथळा असतो. मुंबईच्या चौपाटीवरच्या विमानाचा असाच एक मथळा दुसऱ्या बाजूला फिरत असतो. दोन्ही वाचताना इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा दम धरावा. इब्न फिरनासच्या उड्डाणाची हकिगत आपल्यापर्यंत मुख्यतः अल-मक्करी या सतराव्या शतकातील इतिहासकारामार्फत आली आहे. म्हणजे घटनेनंतर सातशेहून अधिक वर्षांनी.

पण त्या हकिगतीत एक तपशील आहे, जो मथळेवाले गाळतात. तो उडाला, काही अंतर गेला, पण उतरताना आपटला आणि त्याला दुखापत झाली. कारण म्हणून सांगितले आहे की पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. त्याने पंख केले, शेपूट केली नाही.

मला हा भाग सगळ्यांत उपयोगाचा वाटतो. उडण्याची हौस मुलाकडे असते, ती आपण द्यावी लागत नाही. उतरण्याची सोय मोठ्यांनी बघायची असते. धोका आहे, हे मुलाला स्पष्ट सांगायचे असते. सरला ठकराल यांचे पती स्वतः वैमानिक होते, तेच त्यांच्या पाठीशी उभे होते. १९३९ मध्ये विमान अपघातातच ते गेले. सरला तरीही व्यावसायिक परवान्यासाठी जोधपूरला गेल्या, तोच महायुद्ध सुरू झाले आणि नागरी प्रशिक्षण बंद पडले. त्या लाहोरला परत आल्या, मेयो कला विद्यालयात चित्रकला शिकल्या आणि पुढे कापड व दागिन्यांची रचना करून पायांवर उभ्या राहिल्या. त्यांना दुसरी विद्या शिकण्याची वाट होती. ती शेपूट.

माझ्या त्या जुन्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मी उलटेच केले होते. पंख काढून घेतले आणि फक्त शेपूट हातात दिली, तीही तुटकी निघाली.

जुम्म्यानंतर

जुम्म्याची नमाज झाल्यावर वालिद आले. सोबत मुलगी आणि तिची अम्मी. मी वही उघडली. जे.आर.डी., अस्पी, हिजाब, लतीफ, सगळे सांगितले. हिजाबच्या नावाला अम्मींनी मान वर केली. त्यांच्या आईकडे जुन्या उर्दू मासिकांची पेटी होती, त्यात हे नाव त्यांनी वाचले होते.

मग मी जमिनीवरच्या गोष्टींकडे वळलो. विद्यार्थी परवान्यासाठी वय सोळा पूर्ण आणि दहावी पास लागते. व्यावसायिक परवान्यासाठी वय अठरा, आणि बारावीला फिजिक्स व मॅथ्स. म्हणजे पहिला निर्णय उडण्याचा नाहीच, अकरावीला सायन्स घेण्याचा आहे, आणि त्याला लाखो रुपये लागत नाहीत. दुसरी गोष्ट वैद्यकीय तपासणी. डोळे, कान, रंग ओळखण्याची क्षमता. त्यात कायमचा दोष निघाला तर आत्ताच कळलेले बरे. तिसरी गोष्ट इंग्रजी. विमानातून रेडिओवर बोलायचे ते इंग्रजीत. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना तिथे अडचण येते, पण दोन वर्षे हातात आहेत आणि शिकवायला मी आहे, माझे सहकारी आहेत.

चौथी गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली. पैसे नसताना उडायला शिकण्याची एक वाट आहे, हवाई दलाची. एन.डी.ए.मध्ये २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. तिथले शिक्षण सरकारी खर्चाने होते. त्या परीक्षेची अकरावी-बारावीत तयारी करून घेणारी सरकारी संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून मुलांसाठी आहे, आणि २०२३ पासून नाशिकला मुलींसाठीही आहे. धुळ्याहून नाशिक किती? सकाळची एसटी धरली तर दुपारच्या जेवणाला पोचतो माणूस.

"निवड होईलच असे नाही," मी म्हणालो. "जागा थोड्या, मुली हजारो. नाही झाली तर सायन्स हातात आहे, इंजिनिअरिंग आहे, विमान दुरुस्तीचे शिक्षण आहे, बी.एस्सी. आहे. लूम विकायचा नाही, गहाण ठेवायचा नाही. कोणी एजंट घरी येऊन इतके भरा, परवाना देतो म्हणाला, तर आधी माझ्याकडे यायचे."

वालिद बराच वेळ गप्प होते. मग मुलीकडे वळून त्यांनी विचारले, "डर नहीं लगेगा तेरे को?"

ती म्हणाली, "लगेगा अब्बा. लेकिन सीखेंगे तो कम लगेगा."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मला म्हणाले, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी न्यायचे?" आमच्याकडे हा माणूस नेहमी उर्दू बोलतो. कामाचे बोलायला लागला की मराठीत येतो. मला उत्तर मिळाले.

त्या दिवशी संध्याकाळी मी बसस्टँडजवळ गेलो. माझा मोबाइल बिघडलेला नव्हता. तो उठला, सलाम केला, खुर्ची पुढे केली. मी त्याला सगळे सांगितले आणि शेवटी ते वाक्यही बोललो, जे इतकी वर्षे राहून गेले होते. मी तुला चुकीचा सल्ला दिला होता, बेटा.

तो स्क्रू-ड्रायव्हर हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "सर, तेव्हा तुम्हाला तरी कुठे माहीत होते?" हे तो मला माफ करण्यासाठी म्हणाला, पण माझ्या मनात ते आरोपासारखे राहिले आहे. कारण माहीत नव्हते हे खरे असले तरी, माहीत करून घेण्यासाठी मी तेव्हा एक आठवडासुद्धा मागितला नव्हता.

निघताना त्याने विचारले, "त्या मुलीचे फिजिक्स कसे आहे?" मी म्हणालो, ठीक आहे, गणित कच्चे आहे. "मग रविवारी पाठवा," तो म्हणाला. "दुकान दुपारपर्यंत बंदच असते."